स्तनाचा कर्करोग : प्रकारानुसार उपचार

स्तनाच्या कर्करोगावर कोणते औषध लागू पडेल, हे गाठ किती सेंटिमीटरची आहे यापेक्षा तिच्या पेशींत कोणते ग्राही (संदेश पकडणारी प्रथिने) आहेत यावर जास्त ठरते. भारतीय स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत हा सर्वांत मोठा. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात त्या वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या रोगावर जी नवी औषधे आली, त्यांतली बहुतेक एकेका प्रकारापुरतीच उपयोगी आहेत. त्यामुळे प्रकार चुकीचा ठरला, तर महागातले महाग औषधही वाया जाते.

प्रकार. पेशीच्या केंद्रकात इस्ट्रोजेनचे ग्राही (ईआर) किंवा प्रोजेस्टेरॉनचे ग्राही (पीआर) असतील, तर तो संप्रेरक-संवेदी प्रकार. सर्वाधिक रुग्ण या गटातले. पेशीच्या आवरणावर हर-टू हे प्रथिन अतोनात वाढलेले असेल तर हर-टू पॉझिटिव्ह. याचे प्रमाण साधारण १५ ते २० टक्के. तिन्ही नसतील तर ट्रिपल निगेटिव्ह. पाश्चात्त्य देशांत हा तिसरा गट १० ते १५ टक्के असतो. भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींत तो बराच जास्त दिसतो, आणि त्यात तरुण स्त्रियाही पुष्कळ असतात. हे गट एकमेकांत मिसळतातही : हर-टू पॉझिटिव्ह गाठींपैकी निम्म्याच्या आसपास गाठी संप्रेरक-संवेदीही असतात आणि त्यांना दोन्ही उपचार लागतात.

तपासणी आणि तिथे होणाऱ्या चुका. बारीक सुईने पेशी ओढून केलेल्या तपासणीत कर्करोग आहे एवढे कळू शकते, पण उपचार ठरवायला ती पुरत नाही. त्यासाठी जाड सुईची ‘ट्रू-कट’ बायोप्सी लागते. सहसा १४ गेजच्या सुईने चार-सहा तुकडे घेतात. सुई टोचली की रोग पसरतो, ही भीती घरोघरी आहे. ती निराधार आहे आणि तिच्यापायी मोलाचे महिने जातात.

तुकडा काढल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये पडला पाहिजे. द्रावण तुकड्याच्या निदान दहापट हवे आणि तुकडा त्यात कमीत कमी ६, जास्तीत जास्त ७२ तास राहावा. लहान गावातून शहरातल्या प्रयोगशाळेकडे निघालेला नमुना सलाइनमध्ये, नळाचे पाणी मिसळलेल्या फॉर्मेलिनमध्ये किंवा न कापलेल्या अख्ख्या स्तनाच्या रूपात गेला, तर घात होतो. फॉर्मेलिन ऊतीत फार हळू मुरते, तोवर आतला भाग सडू लागतो आणि ईआर खोटा ‘निगेटिव्ह’ येतो. अशा एका चुकीने पाच-दहा वर्षे घ्यायची, अगदी स्वस्त आणि जीव वाचवणारी गोळी त्या स्त्रीला मिळतच नाही. उपाय सोपा आहे. त्याच काचपट्टीवरच्या निरोगी दुग्धनलिकांच्या पेशींना ईआरचा रंग चढला आहे का, हे पाहावे. त्याही कोऱ्या असतील तर अहवालावर विसंबू नये, चाचणी पुन्हा करावी.

ईआर १ टक्का किंवा त्याहून जास्त पेशींत असेल तर पॉझिटिव्ह म्हणतात. १ ते १० टक्के असेल तर ‘लो पॉझिटिव्ह’, आणि अशा गाठी वागायला बऱ्याचदा ट्रिपल निगेटिव्हसारख्या असतात. हर-टूचा अहवाल ०, १+, २+ किंवा ३+ असा येतो. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे निकाल अजून लागलेला नाही, फिश ही जनुकीय चाचणी करायलाच हवी. पैसे वाचवण्यासाठी इथेच थांबणारे रुग्ण कमी नाहीत.

आधी औषध की आधी शस्त्रक्रिया. गाठ दिसली की ती लगेच काढून टाकावी, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. संप्रेरक-संवेदी छोट्या गाठीत ते बरोबरही असते. पण हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह गाठ २ सेंटिमीटरहून मोठी असेल, किंवा काखेत रोग उतरला असेल, तर आधी औषधोपचार करतात. गाठ आत असताना औषध दिले म्हणजे ते तिच्यावर चालते की नाही हे डोळ्यांनी दिसते आणि पुढचे औषध त्यावर ठरते. घाईने गाठ काढली की ही कसोटी कायमची हातची जाते.

औषध सुरू करण्यापूर्वी गाठीत धातूची बारीक क्लिप ठेवावी लागते. हे विसरले जाते, आणि मग गाठ पूर्ण विरघळल्यावर नेमका कुठला भाग कापायचा हेच शल्यचिकित्सकाला कळत नाही. वाचू शकला असता तो स्तन काढावा लागतो.

हर-टू पॉझिटिव्ह. एके काळी हा सर्वांत घातक प्रकारांत मोडे. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅब या प्रतिपिंडाला (हर-टूला जाऊन चिकटणाऱ्या औषधाला) परवानगी मिळाली आणि चित्र पालटले. सुरुवातीच्या अवस्थेतल्या रोगासाठी ते २००६ पासून वापरात आले. पहिला डोस वजनाच्या दर किलोला ८ मि.ग्रॅ., पुढे दर तीन आठवड्यांनी ६ मि.ग्रॅ., एकूण एक वर्ष. ठरलेल्या तारखेपेक्षा आठवड्याहून जास्त उशीर झाला तर पुन्हा ८ मि.ग्रॅ.पासून सुरुवात करावी लागते. औषध हृदयाच्या स्नायूवर ताण आणू शकते, म्हणून आधी आणि नंतर दर तीन महिन्यांनी इको करतात. इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलते तो आकडा) मूळ आकड्यापेक्षा १६ अंकांनी घसरले तर निदान चार आठवडे औषध थांबवतात. हा परिणाम बहुधा भरून येतो.

काखेत न पोचलेल्या, ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला आठवड्याला एक याप्रमाणे पॅक्लिटॅक्सेल या केमो औषधाचे बारा डोस आणि वर्षभर ट्रॅस्टुझुमॅब एवढे पुरते. मोठ्या गाठीत जोडीला पर्टुझुमॅब हा हर-टूवरचा दुसरा प्रतिपिंड देतात : पहिला डोस ८४० मि.ग्रॅ., नंतर ४२० मि.ग्रॅ. औषधानंतर काढलेल्या ऊतीत रोग शिल्लक आढळला तर नुसत्या ट्रॅस्टुझुमॅबऐवजी ट्रॅस्टुझुमॅब एमटान्सिनचे १४ डोस देतात. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या कॅथरिन चाचणीत या बदलामुळे तीन वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ७७ वरून ८८ टक्क्यांवर गेले.

एमटान्सिन आणि त्यानंतर आलेले ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन ही प्रतिपिंड-औषध संयुगे आहेत. प्रतिपिंड हर-टूला जाऊन चिकटतो, पेशी त्याला आत ओढून घेते आणि पाठीवर लादलेले विष तिथे सुटते. डेरुक्सटेकॅनच्या एका प्रतिपिंडावर विषाचे सुमारे आठ रेणू असतात आणि सुटलेले विष शेजारच्या पेशींतही झिरपते. पसरलेल्या रोगात त्याने एमटान्सिनला फार मागे टाकले : रोग पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यम काळ ६.८ ऐवजी २८.८ महिने. मेंदूत रोग गेलेल्यांसाठी टुकाटिनिब ही गोळीही उपयोगी पडते.

इथे एक इशारा ठळकपणे द्यायला हवा. ट्रॅस्टुझुमॅब, ट्रॅस्टुझुमॅब एमटान्सिन आणि ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन ही तीन वेगळी औषधे आहेत. तीन आठवड्यांचा डोस दर किलोला अनुक्रमे ६, ३.६ आणि ५.४ मि.ग्रॅ. पहिले सलाइनमधूनच द्यायचे, डेक्स्ट्रोजमधून कधीच नाही. शेवटचे ५ टक्के डेक्स्ट्रोजमधूनच, सलाइनमधून कधीच नाही. चिठ्ठीवर अर्धेच नाव लिहिण्याची सवय जिवावर बेतू शकते. डेरुक्सटेकॅन चालू असताना नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली, तर ती फुप्फुसाची सूज असू शकते. कफ सिरपवर दिवस काढू नयेत. औषध थांबवून छातीचा एचआरसीटी करावा आणि स्टेरॉइड वेळेत सुरू करावे. दुर्लक्ष केल्याने यात मृत्यू झालेले आहेत.

हर-टू लो. १+ किंवा फिश निगेटिव्ह २+ गाठी पूर्वी सरसकट ‘निगेटिव्ह’मध्ये जात. २०२२ मध्ये डेस्टिनी-ब्रेस्ट०४ चाचणीने दाखवले की पसरलेल्या रोगात डेरुक्सटेकॅन इथेही चालते. आयुर्मानाचा मध्य १६.८ वरून २३.४ महिन्यांवर गेला. त्यामुळे जुन्या अहवालातला ‘निगेटिव्ह’ हा शब्द आता पुरेसा नाही. ० की १+, हे काचपट्टी पुन्हा पाहून लिहून घ्यावे.

संप्रेरक-संवेदी. या प्रकाराचा कणा अजूनही जुनीच औषधे आहेत : टॅमॉक्सिफेन रोज २० मि.ग्रॅ., किंवा पाळी कायमची गेल्यावर लेट्रोझोल २.५ मि.ग्रॅ. अथवा अ‍ॅनास्ट्रोझोल १ मि.ग्रॅ. मुदत पाच वर्षे, धोका जास्त असेल तर त्याहून अधिक. केमोने पाळी थांबली म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानून चाळिशीतल्या स्त्रीला नुसते लेट्रोझोल देणे ही नेहमीची चूक आहे. बीजांडकोश पुन्हा जागे होतात, इस्ट्रोजेन वाढते आणि गोळी निष्फळ ठरते. सोबत बीजांडकोशांना थोपवणारे गोसेरेलिन ३.६ मि.ग्रॅ. दर २८ दिवसांनी द्यावे किंवा बीजांडकोश काढावेत. टॅमॉक्सिफेनबरोबर पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध टाळावे. ते टॅमॉक्सिफेनचे कार्यकारी रूप बनू देत नाही. पाळी गेल्यानंतर योनीतून रक्त गेले तर गर्भाशयाची तपासणी करावी. सांधे दुखतात म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुणाला न सांगता गोळी सोडणे हे रोग उलटण्याचे मोठे कारण आहे. औषध बदलून, व्यायामाने बहुतेकींना मार्ग निघतो.

केमो सगळ्यांना लागत नाही, हे २०१८ च्या टेलरएक्स चाचणीने पक्के केले. काखेत रोग नसताना २१ जनुकांच्या चाचणीत ११ ते २५ गुण आले, तर पन्नाशीपुढच्या स्त्रियांना केमोचा जादा फायदा होत नाही. पन्नाशीच्या आत १६ पुढच्या गुणांना थोडा दिसतो. बंगळूरमध्ये विकसित झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही पाच प्रथिनांवर आधारलेली चाचणी त्याच प्रश्नासाठी वापरली जाते.

पसरलेल्या रोगात सीडीके ४/६ रोधकांनी (पेशींचे विभाजन अडवणाऱ्या गोळ्यांनी) मोठा बदल घडवला. पाल्बोसायक्लिब १२५ मि.ग्रॅ. आणि रायबोसायक्लिब ६०० मि.ग्रॅ. तीन आठवडे घेऊन एक आठवडा खंड. अ‍ॅबेमासायक्लिब १५० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, खंड न पाडता. पहिल्या दोन्हींनी पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी रक्त तपासतात. रायबोसायक्लिबला ईसीजीही लागतो. अ‍ॅबेमासायक्लिबने जुलाब होतात. जुलाब थांबवणारे लोपरामाइड घरात आधीच आणून ठेवावे आणि पहिल्या पातळ शौचालाच सुरू करावे. रायबोसायक्लिबमुळे पाळी गेलेल्या स्त्रियांचे मध्यम आयुर्मान ५१ वरून जवळपास ६४ महिन्यांवर गेले. रोग उलटण्याचा धोका जास्त असलेल्यांना शस्त्रक्रियेनंतरही अ‍ॅबेमासायक्लिब दोन वर्षे किंवा रायबोसायक्लिब ४०० मि.ग्रॅ. तीन वर्षे देतात.

पुढे रोग वाढला की उत्परिवर्तने (गाठीच्या जनुकांतले बदल) तपासावीत. पीआयके३सीए या जनुकातला बदल सुमारे ४० टक्के गाठींत असतो; त्यासाठी अल्पेलिसिब, इनाव्होलिसिब आणि कॅपिव्हासर्टिब ही औषधे आहेत. अल्पेलिसिबने साखर झपाट्याने चढते. मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्याकडे एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर) पाहिल्याशिवाय ते सुरू करू नये. ईएसआर१ या (ईआर घडवणाऱ्या) जनुकातल्या बदलावर इलासेस्ट्रंट ही गोळी २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. हा बदल रक्ताच्या नमुन्यातही सापडतो.

ट्रिपल निगेटिव्ह. किनोट-५२२ चाचणीनंतर २ सेंटिमीटरहून मोठ्या किंवा काखेत पोचलेल्या रोगात केमोबरोबर पेंब्रोलिझुमॅब हा प्रतिकारशक्ती जागवणारा प्रतिपिंड देतात : २०० मि.ग्रॅ. दर तीन आठवड्यांनी, शस्त्रक्रियेपूर्वी आठ आणि नंतर नऊ डोस. पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८१.७ वरून ८६.६ टक्क्यांवर गेले. मोकाट सुटलेली प्रतिकारशक्ती थायरॉइड किंवा अधिवृक्क ग्रंथी कायमची निकामी करू शकते. उपचार संपून महिने उलटल्यावरही कमालीचा थकवा, कमी रक्तदाब, उलट्या दिसल्या तर कॉर्टिसॉल हे अधिवृक्क ग्रंथीचे संप्रेरक तपासावे. खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असल्याने दिल्लीच्या एम्समध्ये दर सहा आठवड्यांनी ५० मि.ग्रॅ. एवढ्या कमी डोसाचा प्रयोग झाला आहे. सुरुवातीचे निष्कर्ष आशादायक आहेत. मोठ्या चाचणीची गरज आहेच.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातली चाचणी इथे जास्त उपयोगाची ठरली. आठवड्याच्या पॅक्लिटॅक्सेलला स्वस्त कार्बोप्लॅटिनची आठ आठवडे जोड दिल्यावर पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ११ टक्के अंकांनी वाढले. ट्रिपल निगेटिव्ह रुग्णाची बीआरसीए जनुकांची तपासणी करावी; त्यांतला दोष आनुवंशिक असू शकतो. दोष आढळला आणि धोका जास्त असेल तर ओलापॅरिब ३०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, एक वर्ष. बहिणी, मुली, भाऊ यांनाही तपासणीचा सल्ला द्यावा. पसरलेल्या रोगात सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकॅन हे संयुग आयुष्य वाढवते. जुलाब आणि पांढऱ्या पेशींची घट हे त्याचे त्रास.

कुठल्याही केमोत ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नये. रात्री निघून रुग्णालय गाठावे आणि तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे.

शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढण्याऐवजी स्तनाकडून रोग जिथे आधी पोचेल अशा पहिल्या दोन-तीन रंगद्रव्याने शोधून तपासतात. त्यामुळे हात सुजण्याचे प्रमाण खूप घटते. टाटा स्मारकाच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर झालेली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटे आधी गाठीभोवती ०.५ टक्के लिडोकेन टोचले, एवढ्यानेच पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झाले. भूल देण्याचे हे साधे औषध शे-दीडशे रुपयांत मिळते. चाचणी आधी केमो न घेतलेल्या स्त्रियांवर होती, हे मात्र लक्षात ठेवावे.

किरणोपचार पूर्वी पाच आठवडे चाले : २५ दिवसांत ५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक). आता १५ दिवसांत ४० ग्रे ही सर्वमान्य पद्धत आहे, आणि २०२० च्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीनंतर निवडक रुग्णांना पाच दिवसांत २६ ग्रे देतात. विदर्भातून येऊन परळच्या धर्मशाळेत राहणाऱ्या कुटुंबाची यात महिनाभराची मजुरी वाचते. डाव्या स्तनावर किरण देताना खोल श्वास रोखून धरायला शिकवतात. छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरकते.

खर्च. ट्रॅस्टुझुमॅबचे भारतीय बनावटीचे जैवसदृश (मूळ औषधाशी मिळतेजुळते रूप) २०१४ मध्ये बाजारात आले. पाल्बोसायक्लिबचे भारतातले पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपले आणि अनेक कंपन्यांनी ते स्वस्तात आणले. डेरुक्सटेकॅनवरचे सीमाशुल्क २०२४ च्या अर्थसंकल्पात माफ झाले, तरी ते महागच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोची पॅकेजे आहेत. कोणते औषध त्यात बसते हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून पहिल्या डोसाआधीच विचारून घ्यावे, कारण मध्येच पैसे संपून अर्धवट सुटलेल्या उपचारात आधीच्या डोसांचे बरेचसे मोल वाया जाते.