ब्रुसेलाजन्य कशेरुकादाह

ब्रुसेला वंशाच्या जीवाणूंमुळे मणके व त्यांमधील चकत्या यांना होणारा दाह. जनावरांतील सांसर्गिक गर्भपाताचे हे जंतू कच्च्या दुधातून, तसेच वार व गर्भजल उघड्या हाताने हाताळल्याने माणसात येतात. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध पिण्याची रीत आहे. त्यामुळे येथील कंबरदुखीच्या तापकरी रुग्णाला दुधाबद्दल आणि गोठ्यातल्या म्हशीने गाभ टाकला होता का, याबद्दल विचारणे अगत्याचे ठरते.

जंतूचा शोध ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी माल्टात लावला. त्याचे वर्ष १८८६ किंवा १८८७ असे दिले जाते. प्रसिद्धीचे १८८७ धरणे बरे. शेळीच्या दुधाशी असलेला संबंध १९०५ मध्ये उघड झाला. त्याचे श्रेय पुष्कळदा या तापाच्या चौकशीसाठी नेमलेल्या ब्रूस यांच्या आयोगाला दिले जाते, पण ते माल्टाचे वैद्य थेमिस्टोक्लीस झमिट यांचे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

खरी अडचण क्षयाशी असलेल्या साम्याची. क्षय बहुधा छातीच्या व छाती-कंबर सांध्यावरच्या मणक्यांत होतो. ब्रुसेला कंबरेच्या, विशेषतः चौथ्या-पाचव्या मणक्यात. क्षयात मणका ढासळून कुबड येते, ब्रुसेलात मणक्याचा आकार बहुधा टिकतो आणि गळू लहान असते. मणक्याचा पुढचा-वरचा कोपरा झिजलेला दिसणे (पेद्रो-पोन्स चिन्ह) सूचक असले तरी निर्णायक नव्हे. रिफॅम्पिसीन व स्ट्रेप्टोमायसीन ही प्रतिजैविके दोन्ही रोगांत चालतात. म्हणून अंदाजाने सुरू केलेल्या ‘एकेटी’ने (क्षयाच्या औषधोपचाराने) काहीसा उतार पडतो आणि निदान लांबते. हे टाळण्यासाठी औषधाआधीच रक्त-संवर्धन (रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणे) आणि शक्य तेथे सुईने ऊतक घेणे इष्ट. संवर्धनास वेळ लागू शकतो. ब्रुसेलाची शंका प्रयोगशाळेला आधी कळवावी, कारण हवेतून तेथील कर्मचाऱ्यांना लागण होते. ‘रोझ बेंगॉल’ ही रक्ताची प्राथमिक चाळणी-चाचणी. नळी-समूहन चाचणीत (विरल केलेल्या रक्तद्रवाने जंतूंच्या गुठळ्या होतात का, हे पाहण्याच्या चाचणीत) १:१६० किंवा अधिक पातळी सामान्यतः अर्थपूर्ण मानतात. रक्तद्रव पुरेसा विरल न केल्यास मात्र ती खोटी नकारात्मक येऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेची १९८६ ची सहा आठवड्यांच्या औषधोपचाराची शिफारस मणक्याला अपुरी पडते, किमान बारा आठवडे डॉक्सिसायक्लीन (१०० मिग्रॅ. दिवसातून दोनदा) व रिफॅम्पिसीन देणे रूढ आहे. आरंभीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसीनची जोड देणाऱ्या पद्धतीत रोग उलटण्याचे प्रमाण कमी दिसते, परंतु कान व मूत्रपिंड यांवर लक्ष ठेवावे लागते. शस्त्रक्रिया मज्जारज्जूवर दाब, अस्थिरता वा मोठे गळू असल्यासच.

प्रतिबंधासाठी दूध उकळणे व ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरा-रेडकांना एस-१९ लस देणे. ही लस जिवंत जंतूंची असल्याने टोचणाऱ्याच्या हाताला सुई लागल्यास त्यालाही रोग होऊ शकतो.