भांग, गांजा आणि डोळ्यातील दाब

गांजातील टीएचसी (टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल) या घटकामुळे डोळ्यातील दाब काही काळ उतरतो. हा दाब सर्वसाधारणपणे १० ते २१ मिमी पारा असतो. काचबिंदूत तो बहुधा वाढलेला असतो. ऑप्टिक नर्व्हचे, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे, तंतू मरत जातात आणि नजर कडेने आक्रसू लागते. गेलेली नजर परत येत नाही.

नाशिककरांना गांजा नवा नाही. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करतात, वैष्णव रामकुंडावर. धुनीभोवती चिलीम फिरते ती प्रामुख्याने त्र्यंबकला. महाशिवरात्रीला थंडाईत भांगही घोटली जाते. चिलीम ओढणाऱ्याचे तांबारलेले डोळे पाहून आत दाब चढला असावा, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावरील रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, आणि आतला दाब त्याच वेळी उतरलेला असतो.

हेप्लर आणि फ्रँक यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत ही घट प्रथम नोंदवली. गांजा ओढल्यावर दाब सुमारे २५ ते ३० टक्के उतरतो, पण परिणाम टिकतो तीन-चार तास. काचबिंदूत दाब रात्रंदिवस आटोक्यात हवा. म्हणजे दिवसातून सहा-आठ वेळा, झोपमोड करूनसुद्धा, चिलीम पेटवावी लागेल. असा माणूस पंचवटीच्या गर्दीतून स्कूटर चालवणार कशी? लॅटॅनोप्रोस्ट या दाब उतरवणाऱ्या औषधाचा एक थेंब रात्री घातला की दिवसभराचे भागते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. टीएचसीमुळे रक्तदाबही घसरतो, त्यामुळे आधीच दुबळ्या झालेल्या नसेचा रक्तपुरवठा आणखी घटण्याची भीती असते. गांजातल्याच, पण नशा न आणणाऱ्या सीबीडी (कॅनाबिडिऑल) या घटकाच्या तेलाकडे हल्ली ओढा आहे. मात्र २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत जिभेखाली दिलेल्या ५ मिलिग्रॅम टीएचसीने दाब तात्पुरता उतरला, तर ४० मिलिग्रॅम सीबीडीने तो थोडा वेळ वाढला. अमेरिकन नेत्रतज्ज्ञांची संघटना काचबिंदूसाठी गांजाची शिफारस करत नाही.

भारतात १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा, म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस यांवर बंदी आहे. भांग ज्यांची होते ती नुसती पाने त्या व्याख्येत बसत नाहीत, मात्र भांगेवर महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याचे निर्बंध आहेत. तपासणीला जाणाऱ्याने आदल्या काही तासांत भांग वा गांजा घेतला असेल, तर डॉक्टरांना तसे सांगावे. दाबाचा आकडा फसवा कमी येऊ शकतो.