पाळक फान हूवेल: बटाव्हियाच्या चर्चमधून हेगच्या संसदेत

वलंदाज म्हटलं की आपल्याला वेंगुर्ल्याची पडकी वखार आठवते, फार तर मसाल्यांचा व्यापार. त्यांच्या वसाहतींत माणसांची खरेदी-विक्री होत होती, आणि ब्रिटनने १८३३ मध्ये व फ्रान्सने १८४८ मध्ये गुलामगिरी मोडल्यावरही ती थांबली नव्हती, हे सहसा सांगितलं जात नाही. नेदरलँड्सच्या संसदेत या प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्यांत वोल्टर रॉबर्ट फान हूवेल हे नाव ठळक आहे. हे गृहस्थ मुळात प्रोटेस्टंट पाळक.

जन्म १८१२ चा, डेव्हेंटरचा. ग्रोनिंगनला धर्मशास्त्र शिकून ते बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला गेले आणि तिथल्या मलय भाषिक ख्रिस्ती मंडळीचे पाळक झाले. मलय ते निव्वळ प्रवचनापुरती शिकले नाहीत. ‘बिदासारी’ हे मलय काव्य त्यांनी संपादून डच भाषांतरासह प्रसिद्ध केलं. १८३८ मध्ये वसाहतीविषयी एक नियतकालिकही काढलं, आणि सेन्सॉरशी त्यांचे खटके उडू लागले.

जावाच्या शेतकऱ्यावर तेव्हा १८३० पासूनची सक्तीची लागवड लादलेली होती. गावाच्या जमिनीचा एक हिस्सा सरकारसाठी ऊस, नीळ, कॉफी यांना द्यायचा, नाहीतर अंगमेहनत करायची. हा हिस्सा कागदावर पाचवा होता, प्रत्यक्षात पुष्कळदा जास्त. १८४० च्या दशकात चेरिबोन आणि पुढे देमाक भागात दुष्काळ पडून माणसं मेली, तरी जहाजं भरून माल ॲमस्टरडॅमला जातच राहिला. १८५० च्या दशकात नेदरलँड्सच्या तिजोरीचा जवळपास एक तृतीयांश महसूल या पैशातून येई.

२२ मे १८४८ रोजी बटाव्हियात एक निषेध सभा भरली आणि फान हूवेल तिच्या अग्रभागी होते. त्या सभेच्या मागण्या गुलामांसाठी नव्हत्या, जावाच्या शेतकऱ्यासाठीही नव्हत्या. वरच्या सरकारी नोकरीसाठी मुलांना नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला शिकायला धाडावं लागे, त्याविरुद्ध वसाहतीतल्या युरोपीय आणि मिश्रवंशीय कुटुंबांची ती तक्रार होती. सरकारला मात्र तेवढंही सोसवलं नाही. फान हूवेल पाळकपद सोडून मायदेशी परतले. मला या माणसाचं मोल वाटतं ते पुढच्या वाटचालीमुळे. आपल्या लोकांच्या गाऱ्हाण्यापासून निघून ते ज्यांना सभा भरवण्याचीही मुभा नव्हती त्यांच्यापर्यंत पोहोचले.

१८४८ च्या नव्या राज्यघटनेने वसाहतींच्या कारभाराबद्दल संसदेला थोडा अधिकार दिला होता. १८४९ मध्ये निवडून आलेले फान हूवेल १८६२ पर्यंत तिथे तो वापरत राहिले. वसाहतीत प्रत्यक्ष राहिलेला, तिथली भाषा येणारा सभासद समोर उभा असल्यावर मंत्र्यांना गुळमुळीत उत्तरं देणं अवघड जाई. १८५४ मध्ये त्यांनी सुरीनाम या दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीमधल्या गुलामांवर दोन भागांचं पुस्तक लिहिलं. शीर्षकाचा अर्थ साधारण ‘डच कायद्याखालचे गुलाम आणि स्वतंत्र लोक’ असा. मळ्यांवरचे फटके, आईपासून तोडलेली मुलं, मालकापुढे पांगळा पडणारा कायदा हे सगळं त्यात होतं. दूरच्या मळ्यांवरची ही हकिकत त्यामुळे सामान्य डच वाचकाच्या घरात पोहोचली.

ईस्ट इंडीजमधली, म्हणजे आजच्या इंडोनेशियातली गुलामगिरी १ जानेवारी १८६० ला कायद्याने संपली. सुरीनामला १ जुलै १८६३ उजाडावा लागला. तिथे ३३ हजारांहून अधिक माणसं मुक्त झाली. भरपाई मिळाली ती मालकांना, माणशी ३०० गिल्डर (तेव्हाचं डच चलन). गुलामांना दमडीही नाही. आणि ती भरपाई वळती झाली जावाच्या नफ्यातून, म्हणजे ज्या सक्तीच्या लागवडीविरुद्ध फान हूवेल बोलत आले तिच्याच कमाईतून. वर मुक्त झालेल्यांपैकी बहुतेकांना सरकारी देखरेखीखाली आणखी दहा वर्षं कराराने मळ्यांवरच राबावं लागलं.

ती मुदत १८७३ च्या जुलैत संपायची होती. त्याआधीच, ५ जूनला, ‘लल्ला रूख’ हे जहाज कलकत्त्याहून सुमारे ४०० हिंदी मजूर घेऊन सुरीनामच्या पारामारिबो बंदराला लागलं. मळ्यांना नवे हात मिळाले होते.