समाईक मालमत्ता पद्धती, गोव्यातील

विवाहाबरोबर पती-पत्नींची मालमत्ता एक होऊन तीवर दोघांचा निम्मा-निम्मा हक्क निर्माण करणारी पद्धती. लग्नापूर्वीची, नंतर कमावलेली आणि वारशाने आलेली मालमत्ता सामान्यतः तीत मोडते. विवाहपूर्व करार रीतसर दस्ताने केला नसल्यास हीच पद्धती गृहीत धरतात. लग्नानंतर ती बदलता येत नाही.

तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक ती व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीच्या रूढींपर्यंत नेतात. मध्ययुगीन पोर्तुगालमध्ये ‘कार्ता द आमेताद’ या निम्म्या वाट्याच्या विवाहकरारांचा प्रघात पडला व त्यातून ती रुळली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या मानुएलीन (राजा पहिला मानुएल याच्या) कायदेसंहितेत ती सर्वसाधारण नियम म्हणून दिसते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने ती कायम केली. १८६९ च्या हुकुमनाम्याने संहिता गोव्यासह पोर्तुगालच्या सागरपार प्रांतांना लागू झाली. १६ डिसेंबर १८८० च्या हुकुमनाम्याने गोव्यातील हिंदूंच्या काही रूढी राखल्या, तरी निम्म्या हिश्श्याचे तत्त्व त्यांनाही लागू राहिले. पोर्तुगालने १९६६ च्या नव्या संहितेत ही पद्धती सर्वसाधारण नियम म्हणून सोडली. गोव्यात मात्र १९६२ च्या प्रशासन अधिनियमान्वये जुनीच संहिता चालू राहिली.

घटस्फोट १९१० च्या पोर्तुगीज कायद्याने आला. त्याआधी विभक्त राहून मालमत्ता वेगळी करण्याचीच सोय होती. वाटणी ‘इन्व्हेंटरी’ प्रक्रियेने होते. मालमत्तेची यादी व मूल्यांकन झाल्यावर हिस्सेदार आपसांत बोली लावू शकतात. समजा, पतीने वडिलोपार्जित घर बोलीत घेतले, तर ती किंमत त्याच्या हिश्श्यात धरतात आणि हिश्श्यापेक्षा जादा होणारी रक्कम त्याने पत्नीला द्यायची असते. कमाई कोणाची, हा प्रश्न येथे गौण ठरतो. अर्धा हिस्सा लग्नापासूनच पत्नीचा असतो. न्यायालय तो केवळ वेगळा काढून देते. म्हणूनच पोटगीशी त्याची गल्लत करणे योग्य नाही. मात्र संहितेने मालमत्तेचा कारभार पतीकडे सोपवला होता, त्यामुळे संसार चालू असतानाची समता बरीचशी कागदावरची होती. स्थावर विकण्यास पत्नीची संमती लागे, एवढाच अंकुश.

शेजारच्या महाराष्ट्रात असा आपोआप हिस्सा नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चे कलम २७ विवाहप्रसंगी मिळालेल्या, दोघांच्या मालकीच्या वस्तूंपुरते आहे. गोव्यातील दांपत्यांसाठी प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मध्ये कलम ५क घातले गेले. त्यानुसार समाईक उत्पन्न दोघांत समान विभागून करआकारणी होते. पगार मात्र ज्याचा त्याच्याच नावे धरला जातो.