मॅनेजरलाही कार्ड मिळतं

दोन फुटबॉल मॅनेजर (म्हणजे संघांचे मुख्य प्रशिक्षक) मैदानालगत एकमेकांच्या अंगावर धावून जातात, त्या क्लिपांबरोबर एक ओळ वर्षानुवर्षं फिरते: "कार्ड फक्त खेळाडूंसाठी. मॅनेजरला पंच समज देतात, फार तर स्टँडमध्ये पाठवतात."

पूर्वी सर्वसाधारण नियम तसाच होता, त्यामुळे हा समज पसरला यात नवल नाही. पण १ जून २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनुसार बाकावरच्या प्रशिक्षकांना आणि इतर संघ-अधिकाऱ्यांनाही पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. पंचांचा निर्णय न पटून बाटली फेकली, खोचकपणे टाळ्या वाजवल्या, तर पिवळं. प्रतिस्पर्ध्याच्या टेक्निकल एरियात, म्हणजे त्यांच्या बाकाभोवतीच्या ठरलेल्या जागेत, भांडायला घुसलं, तर थेट लाल. मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची तरतूद: आगळीक नेमकी कोणाची हे कळलं नाही, तर कार्ड तिथे हजर असलेल्या सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाला! हात झटकता येत नाहीत.

मॅनेजरच्या लाल कार्डामुळे मैदानावरचा खेळाडू मात्र कमी होत नाही.

पडताळायचं असेल तर आधी क्लिप कोणत्या वर्षाची ते बघा. मग खेळाच्या नियमपुस्तकातला नियम १२ उघडा. पुस्तक इंटरनेटवर मोफत मिळतं, आणि त्यात संघ-अधिकाऱ्यांसाठी वेगळा भाग आहे.