पीपीएफ खातं: कोणाला उघडता येतं, काय लागतं, आणि पाच तारखेची भानगड

पीपीएफ (पब्लिक प्रॉव्हिडंट फंड) ही १९६८ पासून चालत आलेली सरकारी बचत योजना. व्याज करमुक्त, मुदतीनंतर हातात येणारी रक्कमही करमुक्त. जुन्या करप्रणालीत भरलेल्या रकमेची वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही, व्याज मात्र तिथेही करमुक्तच.

भारतात राहणाऱ्या कोणालाही पोस्टात किंवा बँकेत खातं उघडता येतं, पण एका माणसाचं एकच. संयुक्त खातं नाही. अनिवासी भारतीयांना नवं खातं मिळत नाही. मुलाच्या नावानं पालक उघडू शकतात, मात्र स्वतःचं आणि मुलाचं मिळून वर्षाला दीड लाखाचीच मर्यादा आहे. पुष्कळांना हे भरणा केल्यावर कळतं.

फॉर्म १, आधार, पॅन आणि फोटो, एवढ्यावर काम होतं. नॉमिनीचा रकाना ‘नंतर बघू’ म्हणून कोरा ठेवू नका. दर आर्थिक वर्षात किमान ५०० रुपये भरावेच लागतात. चुकलं तर खातं बंद पडतं आणि चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०० व वर ५० दंड भरून ते पुन्हा चालू करावं लागतं.

आता पाच तारीख. महिन्याची ५ तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. ७.१ टक्के दरानं (एप्रिल २०२० मध्ये ७.९ वरून तो इथं आला) दीड लाख ४ एप्रिलला भरले तर एप्रिलचं सुमारे ८८७ रुपये व्याज मिळतं, ६ तारखेला भरले तर त्या रकमेवर शून्य. आणि कर वाचवायला ३१ मार्चला धावणाऱ्यांचं? अख्ख्या वर्षाचं १०,६५० रुपयांचं व्याज गेलं. चेक देणार असाल तर तो वटायचे दिवसही धरून चाला.

मुदत १५ वर्षं, तीही खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून. म्हणजे जून २०२४ मध्ये उघडलेलं खातं मार्च २०४० अखेर पुरं होईल. मधे पैसे लागले तर तिसऱ्या वर्षापासून कर्ज, सातव्या वर्षापासून वर्षातून एकदा थोडी रक्कम काढता येते.

मुदतीनंतर पाच-पाच वर्षांनी खातं वाढवता येतं. पुढेही भरणा करायचा असेल तर वर्षाच्या आत फॉर्म ४ द्या. न देता भरत राहिलात तर त्या पैशांवर व्याज नाही.