हनीपॉट आणि सिंकहोल: सापळा कुणासाठी?

मालवेअरचा, म्हणजे घातक सॉफ्टवेअरचा, माग काढणाऱ्या स्वयंसेवकांची बातमी आली की हनीपॉट आणि सिंकहोल हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी पडतात. दोन्हीकडे सर्व्हर मांडून कोण येतंय ते नोंदवायचं असतं, म्हणून गोंधळ साहजिक आहे. फरक येणाऱ्यांत आहे.

हनीपॉट म्हणजे मुद्दाम असुरक्षित भासवलेला संगणक. खऱ्या कामासाठी तो कुणीच वापरत नाही, त्यामुळे तिथे डोकावणारा जवळपास प्रत्येक जण संशयित ठरतो. काउरीसारखं मुक्त सॉफ्टवेअर घुसखोराला खोट्या फायलींमध्ये फिरू देतं आणि त्याची प्रत्येक कमांड टिपून ठेवतं. हनीनेट प्रोजेक्टचे स्वयंसेवक १९९९ पासून या कामात आहेत. हल्ल्याची पद्धत आणि मालवेअरचा ताजा नमुना हाती लागतो तो इथे.

सिंकहोलकडे येतात ते बळी. बाधित संगणक हुकूम घेण्यासाठी ठरावीक डोमेनशी, म्हणजे इंटरनेटवरच्या नावाशी, संपर्क साधत राहतो. ते डोमेन संशोधकांनी ताब्यात घेतलं की तो संगणक आपणहून त्यांच्याकडे हजेरी लावतो; हाच सिंकहोल. कॉन्फिकर या वर्मच्या (आपोआप पसरणाऱ्या मालवेअरच्या) सुरुवातीच्या आवृत्त्या रोज २५० नवी डोमेन तयार करायच्या. स्वयंसेवक आणि कंपन्या मिळून ती आधीच अडवू लागल्यावर २००९ मध्ये हा आकडा एकदम ५०,००० वर गेला! मग ती अडवण्यासाठी शंभरावर रजिस्ट्रींना, म्हणजे डोमेनची नोंद ठेवणाऱ्या संस्थांना, गळ घालावी लागली.

'इतके लाख संगणक बाधित' असे आकडे बहुधा सिंकहोलमधूनच येतात, आणि ते जपूनच वाचावेत. एका आयपी पत्त्यामागे अख्खं ऑफिस असू शकतं. उलट, पत्ता बदलत राहिला तर एकच संगणक अनेकदा मोजला जातो. हनीपॉटच्या नोंदीही फसव्या असतात: तिथे हल्ला करणारा संगणक बहुतेकदा दुसऱ्याच कुणाचा, स्वतःच बाधित झालेला असतो.

शॅडोसर्व्हर ही २००४ मध्ये स्वयंसेवकांनी सुरू केलेली संस्था दोन्ही चालवते आणि ज्या नेटवर्कमध्ये गडबड दिसते त्याच्या चालकांना रोज मोफत अहवाल पाठवते. माझ्या मते खरं काम हेच, कारण सिंकहोलमुळे संगणकातला मालवेअर निघत नाही, फक्त त्याला हुकूम मिळेनासे होतात. कधी मात्र परिणाम याहून मोठा होतो: मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर मालवेअरमधलं एक डोमेन सुरक्षा संशोधक मार्कस हचिन्स यांनी माग काढण्यासाठी नोंदवलं आणि प्रसारच थांबला; ते डोमेन उत्तर देत असेल तर वॉनाक्राय पुढचं काम करत नसे. नंतर ते बंद पाडण्यासाठी त्यावर हल्लेही झाले.